निजलेली वावटळ

पौषातलं ऊन लोणीच्या माळावर उतरतं ते पाव्हण्यासारखं. उशिरा येतं, गोड बोलतं, आणि बसतं न बसतं तोच निघायची घाई करतं.

त्या उन्हात तुकाबाई बांधाला टेकून फडकं सोडून बसली होती. फडक्यात बाजरीची भाकरी, कांद्याची पात, लसणाची चटणी. समोर पाच घरांची मिळून चारशे मेंढरं माळभर पांगलेली. हिरा स्कूटर वाटेवर लावून चालत आली, तेव्हा तिच्या अंगावर वैमानिकाचा पांढरा शर्ट तसाच होता. मेंढरांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. एका कोकरानं तर शर्टाची बाही चघळायलाच घेतली.

"बस. आदी खा, मग तुझं इमान उडीव," तुकाबाई म्हणाली.

"आये, मी खायला नाही आले. तू बोलावलंस म्हणून आले. काय दाखवायचंय ते दाखव."

"चार वाजू दे. त्याला बी यळ आसती."

हिराने घड्याळात पाहिलं. साडेतीन. तिच्यापाशी वेळ तसा थोडाच होता. सोमवार चालू होता, आणि शुक्रवारी चौकशी समिती अक्षदाची फाईल कायमची मिटणार होती.

अक्षदा म्हणजे हिराची थोरली बहीण. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातल्या या दोघी पोरी शिकून वैमानिक झाल्या, तेव्हा साऱ्या लोणीला नवल वाटलं होतं. एक म्हातारा म्हणाला होता, "तुका, तुझ्या पोरी आता ढगं राखाय निघाल्या." आळेफाट्याच्या पुढं एका माळावर खाजगी कंपनीची छोटी धावपट्टी आहे. डांबर जुनं, शेवटची शंभर पावलं नुसता मुरूम. तिथून चार जणांचं, एका पंख्याचं विमान घेऊन दोघी जमिनीच्या मोजणीसाठी वरून फोटो काढायच्या. रेडिओवर सुदर्शनभाऊ बसायचे, पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. सूचना ऐकली की हिरा "ऐकलं, भाऊ" म्हणायची. अक्षदा मात्र बोलायचीच नाही. बटण दोनदा दाबायची. टक् टक्. म्हणजे ऐकलं.

चौदा महिन्यांपूर्वी, अशाच एका दुपारी, अक्षदाचं विमान याच माळावर पडलं. त्या काळ्या खडकापाशी.

पडण्याआधी सुमारे तीन मिनिटं तिने रेडिओवर शेवटचं वाक्य म्हटलं होतं : "मोठ्याच्या मागे आहे. तीन ओव्या थांबते, मग जाते."

सुदर्शनभाऊंनी विचारलं, कोण मोठा? उत्तर आलं नाही.

अहवालात लिहिलं होतं की त्या वेळी चाळीस मैलांच्या टापूत एकही मोठं विमान नव्हतं. मुंबईकडे उतरणारी विमानं इथून जातात ती फार उंचावरून. त्यांच्यामागची हवा इतकी खाली यायच्या आतच विरून जाते. आणि मग ते वाक्य, जे हिराला झोपेतही पाठ होतं : 'वैमानिकाचे अखेरचे बोलणे असंबद्ध. कारण : वैमानिकाची चूक.'

असंबद्ध. हिराला चूक हा शब्द एकवेळ गिळता आला असता, चूक कोणाचीही होते. पण असंबद्ध म्हणजे पोरगी बरळत होती. आणि अक्षदा बरळत नव्हती, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक हिरा, दुसरी तिची आई.

आळेफाट्याच्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. भरधाव मालट्रक बाजूने जातो, तेव्हा काही होत नाही. तो गेल्यावर मागची हवा सायकलला ओढते, ढकलते, हँडल हातात राहत नाही. मोठ्या जेट विमानाचं तसंच, फक्त शंभरपट. त्याच्या दोन्ही पंखांच्या टोकांपासून दोन आडव्या वावटळी सुटतात, एकमेकींच्या उलट फिरत, हळूहळू खाली बसत. दिसत काहीच नाही. आभाळ आरशासारखं स्वच्छ असतं. आणि त्यात छोटं विमान शिरलं, की कुणीतरी पापड उलथावा तसं ते उलथतं. म्हणून शिकवतात, मोठ्याच्या मागे निदान तीन मिनिटं थांबा.

ट्रेनिंगला असताना हा धडा ऐकून दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. कारण हे त्यांच्या आईने त्यांना मेंढरांमागेच शिकवलं होतं. माळावर वावटळ आडवी गेली की तिची वाट लगेच ओलांडायची नाही. उभी वावटळ दिसते, निजलेली दिसत नाही. मेंढरं थोपवायची, पदर तोंडावर धरायचा आणि तीन ओव्या म्हणायच्या. तीन ओव्या सरल्या की पाऊल टाकायचं. तुकाबाईची चाल संथ. हॉस्टेलच्या गच्चीवर दोघींनी घड्याळ लावून म्हणून पाहिलं, तर तीन ओव्यांना आळवून आळवून बरोबर तीन मिनिटं लागली. तेव्हापासून अक्षदाने मोठ्या विमानामागे थांबताना कधी घड्याळ पाहिलं नाही.

हे हिराने समितीला सांगितलं होतं. एक साहेब चष्मा काढून पुसत म्हणाले होते, "बाई, गाण्यावर विमान चालवत नाहीत. साधनांवर झालेली नोंद आणा."

"हिरे," तुकाबाईने हाक मारली. "बघ आता. बोलू नगंस."

चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

आधी चरणं थांबलं. चारशे तोंडांचा तो कुरूकुरू आवाज चालू असताना कानावर येत नव्हता, बंद पडला तेव्हा आला. वारा पडला. मग वायव्येकडच्या टोकाची मेंढरं, ना ओरडता ना पळता, शहाण्या माणसांनी पालखीला वाट द्यावी तशी दोन्ही अंगांना सरकली. ती फट लांबत, लांबत माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. सरळ, सुतात. मध्ये गवताचं एक पातं हलेना.

वर आभाळ निळं होतं. त्यात काहीच नव्हतं.

थोड्या वेळाने मेंढरं परत एकमेकांत मिसळली. चरू लागली. हिरा उठली आणि फटीच्या या काठापासून त्या काठापर्यंत, जिथवर खुरांनी माती उकरली होती तिथवर, पावलं मोजत गेली. पासष्ट मीटर. मोठ्या जेटच्या दोन पंखांइतकं.

"रोज होतं हे?"

"आभाळ निवळ आसलं की. ही मोटी वाट मी ल्हानपनापसनं बघत्ये. माझी आय बी बघायची. तवा कुटं व्हती गं तुमची इमानं?"

 तुकाबाईने पदर तोंडावर ओढला आणि म्हणू लागली. आवाज पिकलेला, पण सूर जागचा हलला नाही.

*पहिली माझी ओवी बिरोबाच्या पायरीला*
*वाट दे रे वाऱ्या माझ्या येड्या मेंढराला*

*दुसरी माझी ओवी माळावरल्या मातीला*
*धूळ बसू दे गं बाई, मग पाऊल वाटंला*

*तिसरी माझी ओवी माझ्या दोघी लेकींला*
*उजव्या डोळ्याला एक, एक डाव्या डोळ्याला*

तिसरी सरली आणि मेंढरं पुन्हा फाकली.

ही वाट अरुंद होती. वायव्येकडूनच आली, घाईघाईने आली, आणि काळ्या खडकापाशी एकाएकी संपली. खडकापलीकडची मेंढरं चरतच राहिली.

हिराने ही वाट मोजली. खात्री व्हावी म्हणून तिने दोनदा मोजली. अकरा मीटर.

तिच्या विमानाचे पंख अकरा मीटरचे. अक्षदाच्याही विमानाचे अकराच होते.

"ही ल्हान वाट चवदा म्हैनं झालं," तुकाबाई म्हणाली. "रोज येती बघ. रोज तीनच ओव्या थांबती आन् निगती."

"आये..."

"ऐक माझं. ओव्या तीन न्हाईत. चार हायेत." तिने भाकरीचा तुकडा हातातल्या हातात कुस्करला. "चवथी जिचं मानूस वाऱ्यानं न्हेलं, तिनंच म्हनायची आसती. भरल्या घरात म्हनत न्हाईत, शिकवत न्हाईत. म्या तुमास्नी तीनच शिकिवल्या. माझं घर भरल्यालं व्हतं ना गं. अक्षी म्हनून तीनच थांबली."

"तुझी चूक नाही ती."

"आता रोज म्हनत्ये मी चवथी. पर खालनं म्हनून काय उपेग? माझा आवाज वर जात न्हाई." ती हिराकडे वळली. "तुजा जातुया."

हिरा विमानशास्त्र शिकलेली होती. मेंढरं का फाकतात याला कारण असेल, जमिनीतल्या उबेचं असेल, कंपनांचं असेल. तिचा ओवीवर विश्वास नव्हता. पण पासष्ट मीटरवर होता. आणि त्या हवेत काही असेल, तर त्याची साधनावर नोंद होणार होती.

"शिकव," ती म्हणाली.

बुधवारी दुपारी तीन चाळीसला हिराने एकटीने उड्डाण केलं. पुढच्या काचेपाशी कॅमेरा, सीटखाली विमानाचा प्रत्येक झोक लिहून ठेवणारी पेटी. निघताना शेडच्या भिंतीकडे तिची नजर गेलीच. तिथं खुंटीला अक्षदाचे लाकडी ठोकळे टांगलेले होते, उभ्या विमानाच्या चाकाला पुढून-मागून लावायचे, निळ्या रंगात 'अ' लिहिलेले. सुदर्शनभाऊंनी चौदा महिने कुणाला हात लावू दिला नव्हता.

खाली आळेफाट्याची चौफुली, ट्रकांच्या रांगा, कांद्याच्या वखारी. मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळीदार थाळ्या, सगळ्या एकाच दिशेला माना वळवून बसलेल्या. मग घोड नदीची बारीक चकाकी, आणि पलीकडे लोणीचा माळ. जमिनीपासून दोन हजार फुटांवरून मेंढरं सांडलेल्या ज्वारीसारखी दिसत होती. बांधापाशी एक हिरवा ठिपका होता. आईचं लुगडं.

हिरा माळाच्या कडेने घिरट्या घालू लागली. चार वाजून बारा मिनिटं.

ज्वारी फाकली. मोठी वाट पडली.

"भाऊ, मोठा गेला," ती रेडिओवर म्हणाली. "वेळ लिहा."

"हिराताई, पडद्यावर काय बी न्हाई. चाळीस मैलांत कोन न्हाई."

"माहीत आहे. तरी लिहा."

"लिवली." थोडं थांबून ते म्हणाले, "ताई, माघारी या. मी हे आदी बी ऐकलंय."

हिराने नजर त्या वाटेवर ठेवली. ती पहिली ओवी म्हणू लागली.

इंजिनाचा आवाज हळूहळू दबत गेला, कानांत लोकर भरावी तसा. काटे सगळे जागच्या जागी होते. दुसरी ओवी. विमानात भिजल्या घोंगडीचा वास भरला. तिच्यासमोर, वाटेच्या वर, एक घार पंख पसरून निवांत तरंगत होती.

तिसरी ओवी. उजव्या डोळ्याला एक, एक डाव्या डोळ्याला.

तीन मिनिटं झाली. पुस्तकाप्रमाणे हवा आता मोकळी होती.

घार उलटली.

फडफडली नाही, वळली नाही. पोट वर, पाठ खाली, आणि दगडासारखी गेली.

 इथूनच वळून चौथी म्हणायची, थांबायचं, आणि सुखरूप ओलांडायचं, असं आईला तिने कबूल केलं होतं. पण सुखरूप ओलांडण्याची नोंद होत नाही. पेटीत सपाट रेघ घेऊन शुक्रवारी काय दाखवणार?

फक्त कडेला शिवायचं. पंखाच्या टोकाने.

तिने पट्टा आवळला. दोन्ही हातांनी सुकाणू घट्ट धरलं आणि डावा पंख त्या वाटेकडे नेला.

कुणीतरी तो पंख हाताने धरला.

धरला आणि खाली ओढला. तिने सुकाणू पूर्ण उजवीकडे दाबलं. काही उपयोग नाही. क्षितिज उभं राहिलं. बाजूच्या खिडकीत आभाळाच्या जागी माळ आला, त्यात काळा खडक आला, मोठा होत आला. पेन, नकाशा, पाण्याची बाटली, सगळं छताला लागलं.

तिने विमानाचं नाक खाली दाबलं. ओढून नव्हे, दाबूनच सुटतं. हे अक्षदानेच शिकवलं होतं.

शंभर फूट खाली. तीनशे. सहाशे.

मग तो हात सुटला.

विमान सरळ झालं. हिराचा अंगठा सुकाणूवरच्या रेडिओच्या बटणावर इतका आवळला होता, की तो उचलायचं तिला सुचेना. आणि तोंडातून आपोआप, कुणी न सांगता, चौथी आली. फाटक्या आवाजात. पण वरून आली.

*चवथी माझी ओवी मागून येणाऱ्याला*
*थोर म्होरं गेला, वाट सोडा धाकल्याला*

तिने ती दोनदा म्हटली. मग अंगठा उचलला.

रेडिओ खरखरला. 

"ताई," सुदर्शनभाऊंचा आवाज आला. "बटण सोडल्यावर तुमी परत दाबलं का?"

"नाही."

"मग कोनी दाबलं?"

"काय ऐकलंत, भाऊ?"

"टक् टक्," ते म्हणाले.

शुक्रवारी पेटीतली रेघ समितीच्या टेबलावर होती. स्वच्छ हवेत, वारा नसताना, तीन सेकंदांत त्र्याहत्तर अंशांचा झोक. चष्म्याच्या साहेबांनी ती रेघ तीनदा पाहिली, मग घार पडतानाचं चित्र पाहिलं. अशी रेघ कशाने येते हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. ती इथं कशी आली हे ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. संध्याकाळी कागद मिळाला : 'संभाव्य कारण : मोठ्या विमानामागील हवेतील भोवरे. मोठे विमान : अनिर्धारित. मूळ अहवालातील असंबद्ध हा शब्द वगळण्यात येत आहे.'

शनिवारी हिरा तो कागद घेऊन माळावर गेली. तुकाबाईला वाचता येत नव्हतं. तिने हिराकडून आपलं बोट त्या वाक्यावर ठेवून घेतलं आणि ते कितीतरी वेळ तिथंच ठेवलं.

"म्हंजे पोरगी येडी न्हवती, आसं लिवलंय?"

"तसंच लिहिलंय."

"सरकारला लई उशिरा कळतं बग," तुकाबाई म्हणाली, आणि कागद पोलक्यात ठेवला.

चार वाजून बारा मिनिटं.

मोठी वाट पडली. मिटली. तुकाबाईने पदर ओढला. पहिली झाली. दुसरी झाली. तिसरी सरली, तेव्हा हिराने आईचा हात धरला.

मेंढरं हलली नाहीत.

चरतही नव्हती. माना वर करून उभी होती.

दोघींनी मिळून चौथी म्हटली. शेवटचा सूर खाली बसला, आणि मगच, सावकाश, काही घाई नसल्यासारखी, लहान वाट पडू लागली. काळ्या खडकापाशी आली. थांबली नाही. खडकापलीकडची मेंढरं सरकली, त्यापुढची सरकली, अगदी टोकाचं, सोमवारी शर्टाची बाही चघळलेलं कोकरू दोन उड्या मारून बाजूला झालं, आणि वाट कळपाबाहेर निघून गेली.

"थांबली गं," तुकाबाई म्हणाली. "शिकली माझी बाय."

फडकं बांधून, मेंढरं वळवून, दोघी बांधावर बसल्या. वीसेक मिनिटं झाली असतील. फोन वाजला. सुदर्शनभाऊ होते.

"हिराताई, कुटं हायसा?"

"लोणीला. मेंढरांत. का?"

"इमान कोनी काढलं व्हतं का?"

"विमान शेडमध्ये आहे, भाऊ. चावी माझ्या खिशात आहे."

"हाय, शेडमधीच हाय. मी हात लावून बघितलं, थंडगार हाय." ते पट्टीवरून चालत बोलत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. "पट्टीच्या टोकाला मुरमावर तीन चाकांच्या ताज्या रेघा हायेत. उतरल्याच्या. उडाल्याच्या न्हाईत. नीट अक्षदाताईंच्या जागंवर जाऊन थांबल्यात."

हिराने आईकडे पाहिलं. तुकाबाई कोकराच्या अंगातलं कुसळ काढत होती.

"अजून काय, भाऊ?"

"ते ठोकळे. खुंटीवरचे. कोनीतरी काढून खाली लावल्यात. पुडं एक, मागं एक. मदी काय बी न्हाई." त्यांचा आवाज खाली गेला. "मी पायानं ढकलून बघितले, ताई. हलत न्हाईत."